निकाल मान्य नाही, मग पुढे काय?

विधानसभेच्या मतदानाला संध्याकाळचे सहा वाजले की केंद्राध्यक्ष उठून रांगेच्या शेवटी जातो. त्याच्या हातात नंबर घातलेल्या, सही केलेल्या चिठ्ठ्या असतात. एक नंबरची चिठ्ठी रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसाला, दोन नंबरची त्याच्या पुढच्याला, असं करत करत तो दारापर्यंत येतो. दारापासून सुरुवात केली तर वाटप संपेस्तोवर मागे आणखी चारजण येऊन चिकटतात. शेवटच्याच माणसाच्या हातात एक नंबर पडला की त्याच्यामागे कुणाला उभं राहता येत नाही. चिठ्ठी असलेला प्रत्येक जण मत देऊन बाहेर पडेपर्यंत केंद्र चालू राहतं, मग आठ वाजोत की नऊ.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना या चिठ्ठ्या मी वाटल्या आहेत. म्हणून नोव्हेंबर २०२४ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीनंतर जो वाद पेटला, तो मला फार जवळचा वाटला. २० नोव्हेंबरला संध्याकाळी पाच वाजता आयोगाने मतदानाचा आकडा ५८.२२ टक्के सांगितला आणि अंतिम आकडा ६६.०५ टक्के निघाला. मतदार होते सुमारे ९ कोटी ७० लाख. म्हणजे फरक जवळपास ७६ लाख मतांचा. एवढी मतं संध्याकाळनंतर आली कुठून, हा प्रश्न गावोगावच्या पारावर विचारला गेला आणि तो विचारणं अगदी योग्यच होतं.

आता थोडं गणित करू. राज्यात मतदान केंद्रं एक लाखाच्या आसपास होती. ७६ लाख भागिले एक लाख, म्हणजे एका केंद्रावर सरासरी ७६ मतं. पाच वाजता रांगेत तीस-चाळीस माणसं असणं आणि पुढच्या तासाभरात तेवढीच आणखी येणं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. शिवाय पाचचा आकडा केंद्राकेंद्रावरून फोनवर किंवा ॲपवर गोळा केलेला असतो, तो मुळातच मागे पडलेला असतो. आयोगानेही नंतर हेच सांगितलं, की दिवसभरात दर तासाला सरासरी ५८ लाख मतं पडत होती, तेव्हा शेवटच्या तासांतला आकडा अशक्य नाही. सरासरीपुरता हा खुलासा मला पटतो.

पण सरासरी म्हणजे पुरावा नव्हे. एखाद्या केंद्रावर शून्य आणि दुसऱ्यावर चारशे असलं तरी सरासरी तीच येते. खरं उत्तर केंद्रनिहाय कागदात आहे : किती चिठ्ठ्या वाटल्या, शेवटचं मत किती वाजता पडलं, यंत्रात एकूण किती मतं नोंदली गेली. हे सगळं केंद्राध्यक्ष त्याच दिवशी लिहून, सही करून देतो. ते कागद कुणाला, कधी आणि किती दिवसांपर्यंत बघायला मिळतात, हा निवडणुकीच्या प्रत्येक वादाचा गाभा आहे. बाकीचा कायदा समजून घ्यायचा तो त्याच्या भोवतीने.

निकालावर हरकत असेल तर एकच दार उघडं असतं, ते म्हणजे उच्च न्यायालयातली निवडणूक याचिका. निकालाआधी, निवडणूक चालू असताना, न्यायालय सहसा मध्ये पडत नाही. लोकांना हे विचित्र वाटतं. डोळ्यांदेखत चुकीचं चाललंय आणि कोर्ट म्हणतं, निवडणूक संपल्यावर या! यामागची गोष्ट अगदी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपर्यंत जाते. मद्रास विधानसभेच्या नामक्कल मतदारसंघातून पोन्नुस्वामी यांचा उमेदवारी अर्ज फेटाळला गेला. ते न्यायालयात गेले. जानेवारी १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की संविधानाच्या कलम ३२९ नुसार निवडणुकीला आव्हान फक्त निवडणूक याचिकेनेच देता येईल, आणि ‘निवडणूक’ म्हणजे अधिसूचनेपासून निकालापर्यंतची सगळी प्रक्रिया. प्रत्येक अर्जावर, प्रत्येक टप्प्यावर कोर्टबाजी सुरू झाली तर सभागृहच वेळेवर बनणार नाही, ही त्यातली भीती. तिच्यात तथ्य आहे. पण याचा अर्थ असाही होतो, की नंतरचं जे एकमेव दार आहे ते तरी लवकर उघडायला हवं.

याचिका दाखल करायला निकालापासून ४५ दिवस मिळतात. महाराष्ट्राचा निकाल २३ नोव्हेंबर २०२४ ला लागला, म्हणजे मुदत ७ जानेवारी २०२५ ला संपली. त्यानंतर कितीही जबरदस्त पुरावा हाती लागला तरी दार बंद. याचिका कोणताही उमेदवार करू शकतो आणि त्या मतदारसंघातला कोणताही मतदारही करू शकतो, हे फार कमी लोकांना माहीत आहे. अनामत भरायची ती दोन हजार रुपये. पैसा इथे आडवा येत नाही, आडवी येते ती काटेकोरपणाची अट. काय घडलं, कुठे, केव्हा, कुणी केलं हे याचिकेतच नेमकं लिहावं लागतं. ‘सगळीकडे घोळ झाला’ या वाक्याला कोर्टात शून्य किंमत. प्रतिवादींना द्यायच्या प्रतींवर याचिकाकर्त्याची स्वतःची सही नसेल तर तेवढ्यावरूनही याचिका फेटाळल्या गेल्यात.

निवडणूक रद्द व्हायची तर कारणं ठरलेली आहेत. विजयी उमेदवार मुळात अपात्र असणं. कुणाचा अर्ज चुकीने फेटाळला जाणं. विजेत्याने किंवा त्याच्या संमतीने कुणी ‘भ्रष्ट आचार’ करणं, म्हणजे लाच, दमदाटी, धर्म किंवा जातीच्या नावावर मत मागणं, मतदान केंद्र बळकावणं वगैरे. आणि चौथा प्रकार, जो बहुतेक वादांत येतो : मतं चुकीने घेतली, नाकारली किंवा बाद केली गेली, किंवा नियम मोडले गेले. या चौथ्या प्रकारात एक मोठी मेख आहे. नुसती चूक दाखवून भागत नाही, त्या चुकीमुळे निकाल बदलला असता हे सिद्ध करावं लागतं. तुमच्या केंद्रावर पन्नास बोगस मतं पडली आणि समोरचा दहा हजारांनी जिंकला, तर पन्नास माणसांनी केलेला गुन्हा खराच, पण आमदार तोच राहणार.

म्हणूनच निसटत्या निकालांवर या कायद्याची खरी परीक्षा होते. राजस्थानात २००८ साली नाथद्वारा मतदारसंघात काँग्रेसचे सी. पी. जोशी ६२,२१५ मतांवर थांबले आणि भाजपचे कल्याणसिंह चौहान ६२,२१६ वर. एक मत. अशा वेळी ‘प्रदत्त मत’ नावाची एरवी कुणाच्या गावी नसलेली गोष्ट डोकं वर काढते. तुम्ही केंद्रावर गेलात आणि तुमच्या नावावर आधीच कुणीतरी मत देऊन गेलंय, तर तुम्हाला यंत्रावर मत देता येत नाही. ओळख पटली की तुम्हाला कागदी मतपत्रिका दिली जाते, ती वेगळ्या पाकिटात सीलबंद होते आणि मोजणीत धरली जात नाही. माझ्या केंद्रावर एका आजींच्या बाबतीत हे झालं होतं. ‘माझं मत खऱ्यात धरणार ना रे बाळा?’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मला खोटं बोलवेना. धरणार नाही, पण कागद जपून ठेवणार, असं मी सांगितलं. नाथद्वाऱ्यात अशाच मोजक्या पाकीटबंद मतांवरून वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आजींचा तो कागद निरुपयोगी नसतो, फक्त त्याची वेळ यावी लागते.

टपाली मतांचं तसंच. गुजरातमध्ये २०१७ साली धोळका मतदारसंघात भाजपचे भूपेंद्रसिंह चुडासमा ३२७ मतांनी जिंकले आणि पुढे राज्याचे कायदामंत्री झाले. हरलेले काँग्रेसचे अश्विन राठोड याचिका घेऊन गेले. मोजणीत ४२९ टपाली मतं बाद ठरवली होती, म्हणजे विजयाच्या फरकापेक्षा जास्त. मे २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने ती मतं बेकायदा बाद केल्याचं म्हणत निवडणूक रद्द केली. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. डिसेंबर २०२२ मध्ये गुजरातेत पुढची निवडणूक झाली आणि जुन्या खुर्चीचा प्रश्न आपोआप विरला. कोण बरोबर होतं यात मी पडत नाही. पाच वर्षांच्या मुदतीत पाच वर्षांच्या खुर्चीचा निर्णय लागला नाही, एवढं मला दिसतं आणि ते मला सलतं. कायद्यात लिहिलंय की याचिका सहा महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा. ‘प्रयत्न करावा’ या दोन शब्दांत सगळी हवा निघून जाते.

आपल्याकडचं सर्वांत गाजलेलं प्रकरण तर आठ वर्षं चाललं. डिसेंबर १९८७ मध्ये विलेपार्ल्याची पोटनिवडणूक शिवसेनेच्या पाठिंब्यावर डॉ. रमेश प्रभू यांनी जिंकली. काँग्रेसचे प्रभाकर कुंटे न्यायालयात गेले. प्रचारसभांतल्या बाळासाहेब ठाकरे यांच्या भाषणांत धर्माच्या नावावर मतं मागितली गेली, हा आरोप. १९८९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द केली आणि ११ डिसेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. प्रभू सहा वर्षांसाठी अपात्र झाले आणि पुढे ठाकरे यांचाही मताधिकार सहा वर्षांसाठी गेला. एव्हाना राज्यात आणखी दोन विधानसभा निवडणुका होऊन गेल्या होत्या. त्याच दिवशी, त्याच न्यायालयाने, दादरमधून १९९० साली निवडून आलेल्या मनोहर जोशी यांच्याविरुद्धचा उच्च न्यायालयाचा निर्णय मात्र फिरवला. दोन्हीकडे भाषणंच होती. नेमका कुठला शब्द, कुठल्या सभेत, कुणाच्या संमतीने, यावर एकाची खुर्ची गेली आणि एकाची राहिली. पुरावा इतक्या बारीक विणीचा लागतो.

आणि यंत्रं? केरळातल्या परूर मतदारसंघात मे १९८२ मध्ये ५० केंद्रांवर पहिल्यांदा मतदानयंत्रं वापरली गेली. सीपीआयचे शिवन पिल्लै १२३ मतांनी जिंकले. हरलेले काँग्रेसचे ए. सी. जोस यांनी मांडलेला सगळ्यांत भक्कम मुद्दा साधा होता : कायद्यात मतपत्रिका लिहिलंय, यंत्र लिहिलेलं नाही. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला तो पटला. त्या पन्नास केंद्रांवर कागदावर फेरमतदान झालं आणि जोस निवडून आले. त्यानंतर कायद्यात यंत्रांना जागा दिली गेली. आज ज्यांना वाटतं की यंत्रांवर प्रश्न विचारणं म्हणजे देशाची बदनामी, त्यांनी परूर आठवावं. यंत्राचा पहिलाच निकाल कोर्टात पडला आणि त्यातून व्यवस्था सुधारली.

व्हीव्हीपॅटची, म्हणजे मत कुणाला गेलं ते छापून दाखवणाऱ्या यंत्राची, चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि खाली पडते, हे आता सगळ्यांना माहीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या आदेशापासून प्रत्येक विधानसभा मतदारसंघात चिठ्ठ्या काढून पाच केंद्रं निवडतात आणि तिथल्या सगळ्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या हाताने मोजून यंत्राच्या आकड्याशी ताडून बघतात. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक सोय दिली : दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावरच्या उमेदवाराने सात दिवसांत लेखी मागणी केली, तर मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी करून घेता येते. खर्च मागणाऱ्याचा. २०२४ मध्ये यंत्रांच्या एका संचाला ४७,२०० रुपये असा दर होता. पक्षाला हे परवडेल. अपक्ष उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला वीस संचांचे साडेनऊ लाख कुठून परवडणार?

त्यामुळे माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीच्या लोकांचा मार्ग चुकला असं म्हणताना माझी जीभ अडखळते. गावात यंत्राने भाजपच्या राम सातपुतेंना १,००३ आणि राष्ट्रवादी शरद पवार गटाच्या उत्तम जानकरांना ८४३ मतं दाखवली. गाव म्हणालं, हे आमचं मत नाही. विशेष म्हणजे मतदारसंघात जानकर निवडून आले होते, म्हणजे हरल्याची रड इथे नव्हती. गावाने ३ डिसेंबर २०२४ ला स्वतःच कागदावर मतदान घ्यायचं ठरवलं. प्रशासनाने जमावबंदी लावली, ते होऊ दिलं नाही. कायद्याने अशा मतदानाला काहीच किंमत नव्हती, आणि निकाल कळल्यावर, शेजाऱ्यांच्या नजरेसमोर, माणूस पहिल्यासारखंच मत देईल याची खात्रीही नसते. पण गावातल्या केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या पेटीत सीलबंद पडल्या होत्या. गावासमोर त्या मोजून दाखवायला एक दुपार पुरली असती. तशी सोय कायद्यात नाही. ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

मतदान केंद्रावर हातोहात लुटालूट करायचे दिवस बरेचसे मागे पडलेत. हरियाणातल्या मेहममध्ये १९९० साली एका पोटनिवडणुकीत केंद्रं बळकावली गेली, माणसं मेली, मतदान दोनदा रद्द झालं आणि मुख्यमंत्री ओमप्रकाश चौटालांना पायउतार व्हावं लागलं. त्याहून भयंकर १९८७ ची जम्मू-काश्मीर विधानसभा. तिथे मोठे गैरप्रकार झाले हे पुढे जवळपास सर्वांनी मान्य केलं. श्रीनगरच्या अमिरा कदलमधून उभे राहिलेले मोहम्मद युसुफ शाह पराभूत जाहीर झाले, तुरुंगात गेले आणि नंतर सय्यद सलाहुद्दीन या नावाने बंदुकीच्या बाजूला गेले. त्यांचा एक पोलिंग एजंट होता यासीन मलिक, पुढे तोही बंदुकीच्याच बाजूला गेला. पुढच्या रक्तपाताला ही एकच निवडणूक कारण झाली असं नाही, आणि बंदूक उचलणाऱ्यांचं कृत्य त्याने माफही होत नाही. पण मतपेटीवरचा विश्वास एका पिढीने तिथे गमावला.

आता डाव सरकलाय मतदार यादीकडे. सोलापूरच्या सीमेला लागून, कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात आळंद मतदारसंघ आहे. २०२३ च्या निवडणुकीआधी तिथे नावं वगळण्यासाठी ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले. अर्ज ज्यांच्या नावाने केले त्यांना पत्ताच नव्हता. एका बीएलओच्या, म्हणजे केंद्राची यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या, लक्षात आलं की आपल्याच नात्यातल्या माणसाचं नाव काढायचा अर्ज आलाय आणि तिथून धागा उलगडत गेला. तपासात फक्त २४ अर्ज खरे निघाले. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात उलटा प्रकार, तिथे नावं घालण्यासाठी हजारो संशयास्पद अर्ज आले. आयोगाच्या म्हणण्यानुसार ते फेटाळले गेले आणि गुन्हाही नोंदवला. दोन्हीकडे प्रयत्न पकडला गेला, ही चांगली बाजू. पण पकडला गेला तो निवडणुकीआधी, म्हणून. यादीतला घोळ निकालानंतर निवडणूक याचिकेत उकरून काढणं जवळजवळ अशक्य असतं. यादी अंतिम झाली की कोर्ट तिला हात लावत नाही. प्रारूप यादी चावडीवर लागते तेव्हा ती वाचणं, हाच त्यावरचा उपाय.

मग कागदांकडे परत येऊ. २० डिसेंबर २०२४ ला केंद्र सरकारने निवडणूक नियमांत बदल केला आणि लोकांनी मागितल्यावर दाखवायच्या कागदपत्रांतून सीसीटीव्हीसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी वगळल्या. पुढे मे २०२५ मध्ये आयोगाने सांगितलं की निकालाला आव्हान नसेल तर चित्रण ४५ दिवसांनंतर नष्ट करता येईल. मतदार, विशेषतः बायका, कधी आल्या-गेल्या हे उघड होऊ नये, हे कारण दिलं गेलं. ते पोकळ नाही. मात्र त्याच ४५ दिवसांत नेमक्या तपशिलांसह याचिका उभी करायची आणि तपशील ज्यात आहेत ते चित्रण त्या काळात बघायला मिळायचं नाही, ही कोंडी माझ्यासारख्या तीस वर्षं निवडणुकीचं काम केलेल्या माणसालाही समजावून सांगता येत नाही. संध्याकाळच्या मतांबद्दल मुंबई उच्च न्यायालयात गेलेली याचिका २५ जून २०२५ रोजी फेटाळली गेली. ज्या कागदांत उत्तर आहे ते मात्र लोकांसमोर आलेच नाहीत. कर्नाटकात मालूरची २०२३ ची निवडणूक, २४८ मतांच्या फरकाची, सप्टेंबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. तिथे मोजणीचं चित्रणच प्रशासनाला हजर करता आलं नाही. महिन्याभरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली, पण फेरमोजणी करून निकाल बंद पाकिटात द्यायला सांगितलं.

एक कागद मात्र कुणाची परवानगी न घेता हाती येतो. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष कंट्रोल युनिटवरचं ‘क्लोज’ बटण दाबतो, पडद्यावर एकूण मतांचा आकडा येतो आणि तो नमुना १७ सीमध्ये उतरवला जातो. त्यावर यंत्राचे नंबर, सीलचे नंबर असतात. हजर असलेल्या प्रत्येक उमेदवाराच्या एजंटाला त्याची सही केलेली प्रत द्यावीच लागते. मोजणीच्या दिवशी त्याच केंद्राचं यंत्र टेबलावर आलं की आकडा जुळला पाहिजे. नाही जुळला तर जागेवर लेखी हरकत घ्यायची. राज्यातल्या सगळ्या केंद्रांच्या या प्रती एखाद्या पक्षाने गोळा केल्या असत्या, तर ७६ लाखांचा वाद दोन दिवसांत इकडे किंवा तिकडे झाला असता.

माझ्या शेवटच्या ड्युटीला पहाटे साडेपाचला पाच एजंट हजर होते. अभिरूप मतदानाची, म्हणजे यंत्राच्या चाचणीची, पन्नास मतं त्यांनी एकेक करून दाबली, मोजली, यंत्र रिकामं झाल्याचं बघितलं, सीलवर सह्या केल्या. दुपारी जेवायला म्हणून दोघे गेले ते आलेच नाहीत. पाचनंतर आणखी एकाला कुणाचा तरी फोन आला. रात्री आठ वाजता मी कार्बन घालून १७ सीच्या पाच प्रती लिहिल्या होत्या. दोन दिल्या. उरलेल्या तीन बराच वेळ टेबलावर होत्या, मग बस आली आणि मी त्या इतर कागदांबरोबर जमा केल्या.